नाव तेच, गाणं दुसरं : होरेस अँडीच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांचा माग

पार्श्वभूमी

माझा एक मित्र ब्रिस्टलला असतो. मूळचा साताऱ्याकडचा, पोटासाठी सॉफ्टवेअर आणि जिवासाठी जुन्या रेकॉर्डी. त्याचं नाव इथे देत नाही, आणि या हकिगतीत पुढे येणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थांचंही. तिथल्या एका छोट्या श्रवणमंडळाने त्याच्यावर एक काम सोपवलं : जमैकन गायक होरेस अँडी याच्या १९६७ ते १९७४ या काळातल्या गाण्यांची दोन तासांची बैठक बसवायची आणि सोबत आठ पानांची पुस्तिका लिहायची. हातात सहा आठवडे.

ब्रिस्टलमध्ये हा गायक परका नाही. तिथल्याच मॅसिव्ह अटॅक या बँडने १९९१च्या ‘ब्लू लाइन्स’ या अल्बममध्ये त्याला गायला लावलं आणि नंतरही त्याला सोडलं नाही. त्यामुळे चाळिशीतल्या श्रोत्यांना त्याचा तो किंचित थरथरता, उंच आवाज ठाऊक असतो. त्याआधीची वीसेक वर्षं मात्र बहुतेकांच्या लेखी धुक्यात असतात. मंडळाला नेमकं तेच हवं होतं.

मित्राचा मला फोन आला. “अरे, तू तुझ्या आजोबांच्या त्या ७८च्या तबकड्यांची यादी केलीस ना? तसंच करायचंय, जरा लक्ष घाल.” माझी पात्रता तेवढीच. मी पुण्यात बसून नाट्यपदांच्या तबकड्यांचे नंबर उतरवून घेतलेला माणूस. रेगे, म्हणजे जमैकाचं हे संगीत, मी ऐकतो, पण त्यातला जाणकार नाही. तरी हो म्हटलं. पुढचे सहा आठवडे व्हिडिओ कॉलवर गेले.

सुरुवातीला हाती असलेली माहिती थोडी पण पक्की होती. होरेस हाइंड्स, जन्म १९ फेब्रुवारी १९५१, किंग्स्टन. पहिली रेकॉर्ड १९६७ मध्ये, निर्माता फिल प्रॅट, गाणं ‘धिस इज अ ब्लॅक मॅन्स कंट्री’. वय सोळा. ती चालली नाही. १९७० मध्ये तो फ्रँक मेलडी नावाच्या जोडीदाराबरोबर कॉक्सन डॉड या निर्मात्याच्या स्टुडिओ वनमध्ये आवाजाची चाचणी द्यायला गेला, जोडी नापास. काही दिवसांनी एकटा गेला आणि पास झाला. चाचणीत म्हटलेलं ‘गॉट टू बी शुअर’ हेच तिथलं त्याचं पहिलं गाणं ठरलं. १९७२ मध्ये स्टुडिओ वनने त्याची ‘स्कायलार्किंग’ ही एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, काढली. मग तो इतर निर्मात्यांकडेही गायला लागला. त्यात बनी लीबरोबरचं काम सर्वांत गाजलं.

अडचण

पहिली अडचण नावाची. ‘अँडी’ हे त्याचं नाव नव्हेच, ते डॉडने दिलेलं. त्याचा नात्यातला भाऊ जस्टिन हाइंड्स ट्रेझर आइल या दुसऱ्या स्टुडिओचा नावाजलेला गायक होता आणि दोघांच्या गाण्याची ढब तेव्हा मिळतीजुळती होती, म्हणून हाइंड्स नको. आणि त्या वेळी बॉब अँडी हा गायक जोरात होता, म्हणून अँडी बरं. (गंमत म्हणजे बॉब अँडीचंही खरं नाव कीथ अँडरसन.) आपल्याकडे कुणी ‘नारायण श्रीपाद राजहंस’ या नावाने तबकड्या शोधायला बसला तर त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही, तसंच हे. १९७० आधीचं शोधायचं तर अँडी हे नाव विसरायचं, आणि हाइंड्स म्हणून शोधलं की आधी जस्टिनच समोर येतो. वर ‘स्लीपी’ हे टोपणनाव आहेच.

दुसरी अडचण धंद्याच्या रीतीची. त्या काळच्या किंग्स्टनमध्ये गायकाला एकरकमी पैसे मिळत आणि गाणं निर्मात्याचं होई. कोणत्या तारखेला कोण वाजवायला होतं, याची वही ठेवणं हा कुणाचाच धर्म नव्हता. गाणं मुद्रित झालं की त्याची एकच मऊ तबकडी, म्हणजे डबप्लेट, कापायची, ती साउंड सिस्टीमवर, म्हणजे नाचाच्या कार्यक्रमांत लावायच्या फिरत्या ध्वनिसंचावर, वाजवायची आणि लोक काय म्हणतात ते पाहायचं. लोक उसळले तर दुकानात आणायचं. गाणं गायलं गेलं तो दिवस आणि ते विकायला आलं तो दिवस यांत महिने जात, कधी वर्षं. ‘स्कायलार्किंग’चंच पाहा. उनाडक्या करत हिंडणाऱ्या पोरांना उद्देशून असलेलं हे गाणं आधी डॉडच्या ‘जमैका टुडे’ या संकलनात आलं. साउंड सिस्टीमवर त्याचा बोलबाला झाल्यावर ते सिंगल, म्हणजे स्वतंत्र छोटी तबकडी, म्हणून निघालं आणि जमैकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग त्याचं साल कोणतं धरायचं? गायल्याचं, संकलनाचं की सिंगलचं?

तिसरी अडचण आम्हाला दिसलीच नाही. ती दाखवणारा माणूस भेटेपर्यंत तीन आठवडे गेले होते.

पर्याय

सुरुवातीलाच आम्ही तीन रस्ते मांडले होते.

सोपा रस्ता म्हणजे छापील सूच्या आणि ऑनलाइन याद्या गोळा करायच्या, त्यांत जे साल जास्त वेळा दिसेल ते घ्यायचं. पण याद्या एकमेकींवरूनच उतरवलेल्या असतात. एकाने केलेली चूक दहा ठिकाणी दिसली की ती बहुमताने खरी होते.

दुसरा, थेट गायकाला गाठायचं. तो हयात आहे, गातो आहे. २०२२ मध्ये निर्माता एड्रियन शेरवुडबरोबर त्याचा नवा अल्बमही आला. मित्राचा जीव यात होता. माझं म्हणणं असं, की पन्नास वर्षांपूर्वीची तारीख विचारणं हा कुणाही माणसावर अन्याय आहे. त्याला विचारायचंच तर त्या खोलीत कोण होतं, चाचणी देऊन परत कसा गेलास, असं विचारावं. आणि तसं विचारायला आधी आपलं पाठांतर हवं. आमचं नव्हतं. हा रस्ता आम्ही सोडला. आजही तो निर्णय बरोबर वाटतो, पण मित्र अजून कुरकुरतो.

तिसरा रस्ता तबकड्यांचा. लेबल, तबकडीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक आणि कान. हा वेळखाऊ आणि खर्चिक, कारण मूळ जमैकन तबकड्या ब्रिटनमध्ये मिळतात पण किमती ऐकून घाम फुटतो.

ठरलं असं, की पहिला रस्ता सांगाडा म्हणून आणि तिसरा तपासणीसाठी. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात आम्ही तीन आठवडे फक्त पहिल्या रस्त्यावर चाललो. तक्ता भरत गेला, रकाने सुंदर दिसत गेले.

काकांच्या दिवाणखान्यात

मंडळाचे एक जुने सभासद किंग्स्टनमध्ये वाढलेले, १९७३ मध्ये विशीच्या आत इंग्लंडला आलेले, पुढे बरीच वर्षं साउंड सिस्टीमचे खोके उचललेले. मित्र त्यांना ‘अंकल’ म्हणतो; आमच्या बोलण्यात ते ‘काका’ झाले. रंगीत तालीम म्हणून मित्राने त्यांच्या घरी लॅपटॉप नेला, पुस्तिकेचा मसुदा वाचून दाखवला आणि जोडीला गाणी लावली. मी पुण्याहून कॉलवर.

‘स्कायलार्किंग’ सुरू झालं. अर्ध्या मिनिटात काकांनी हात वर केला. “हे बनीचं आहे.”

मित्राने पडदा दाखवला. मुखपृष्ठावर नाव तेच, गायक तोच, साल १९७२ लिहिलेलं.

“लिहू देत. हे कॉक्सनचं नाही. आवाज त्याचाच आहे, पण खोली ती नाही.”

खोली ती नाही, हे मला लगेच पटलं. नाट्यपदांच्या तबकड्यांतही तेच होतं : तेच पद, तोच गवई, आणि दहा वर्षांनी पुन्हा गायलेलं. लेबलवर दोन्हीकडे अक्षरं सारखीच. फरक पेटीच्या अंतरात असतो, तबल्याच्या कोरडेपणात असतो.

होरेस अँडीने १९७०च्या दशकाच्या मध्यावर बनी लीकडे ‘स्कायलार्किंग’ पुन्हा गायलं आहे. त्याशिवाय १९९०च्या दशकात मॅसिव्ह अटॅकच्या मेलँकॉलिक या लेबलाने त्याच्या निवडक गाण्यांचं जे संकलन काढलं, त्याचंही नाव ‘स्कायलार्किंग’च. म्हणजे १९७२ची एलपी, त्यावरचं गाणं, बनी लीकडचं दुसरं ध्वनिमुद्रण आणि पंचविसेक वर्षांनंतरचं संकलन, या चार वस्तूंना एकच नाव. यंत्राने त्यांतल्या एकीचं साल दुसरीला चिकटवलं होतं आणि आम्ही ते नम्रपणे पुस्तिकेत उतरवलं होतं. ही तिसरी अडचण. आम्ही सालं तपासत बसलो होतो, गाणं कोणतं ते तपासलंच नव्हतं.

त्या दुपारी एक चूकही झाली. मित्राने काकांचं बोलणं न विचारता फोनवर टिपून घेतलं. काका सांगत होते ते सोनं होतं : हे गाणं दुकानात येण्याआधी त्यांनी नाचाला किती वेळा ऐकलं होतं, निवेदक सुई उचलून ते पुन्हा पहिल्यापासून कसं लावायचा. मित्राने त्यातली चार वाक्यं अवतरणात टाकून नवा मसुदा त्यांना पाठवला. उत्तर आलं, “तू मला विचारलं नव्हतंस.” बस्स, एवढंच.

इथे खरा निर्णय घ्यायचा होता. संकलन आणि सिंगल यांच्यामध्ये गाणं साउंड सिस्टीमवर वाजत होतं, याला प्रत्यक्ष ऐकणाऱ्याची साक्ष दुसरीकडे कुठून आणणार? मित्र म्हणाला, नाव न घालता वापरू. मी नको म्हटलं. त्या मंडळात त्या वयाचे, किंग्स्टनमध्ये वाढलेले दोनच गृहस्थ. नाव न घालूनही सगळ्यांना कळलं असतं. चारही वाक्यं काढली, फोनवरचं मुद्रण पुसलं आणि मित्र मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला गेला. काका म्हणाले, छापू नका, पण बैठकीत बोलवा, माझं मी सांगेन.

पुढे काय केलं

तक्ता मोडून नवा केला. आधी एका गाण्याला एक ओळ होती. आता एका ध्वनिमुद्रणाला एक ओळ. रकाने असे : कुठे गायलं, कधी गायलं, आधी कशात आलं, सिंगल कधी, आणि शेवटी ‘तबकडी हातात घेऊन पाहिली का’. गायल्याच्या रकान्यात साल मिळत नसेल तर ‘याच्या आधी नाही’ आणि ‘याच्या नंतर नाही’ अशा दोन कडा लिहायच्या.

या कडा काढण्यात मजा आली. १९७२च्या एलपीवर परकी गाणी आहेत. ‘व्हेअर डू द चिल्ड्रन प्ले’ हे इंग्लिश गायक कॅट स्टीव्हन्सचं. ते त्याच्या १९७०च्या अखेरीस आलेल्या अल्बममधलं. ‘मॅमी ब्लू’ ही चाल युरोपात १९७१ मध्ये गाजली. म्हणजे ही दोन गाणी त्याआधी गायली जाणं शक्यच नाही. उलट त्याच एलपीवर ‘गॉट टू बी शुअर’ आहे, जे १९७०च्या चाचणीतलं. ‘१९७२चा अल्बम’ हा प्रत्यक्षात किमान दोन सालांतल्या गाण्यांची गोळाबेरीज निघाला. एलपी म्हणजे कलावंताने सलग बसून घडवलेली एक कृती, हा समज तिथे लावूच नये. डॉडकडे सिंगलं साठत, पुरेशी साठली की त्यांची एलपी होई. ही गोष्ट कुणाच्या आठवणीशिवाय, नुसत्या गाण्यांच्या यादीवरून सिद्ध होते, याचा मला आजही आनंद आहे.

मग तबकडी. मित्राने ‘मूळ १९७०ची’ म्हणून विकायला ठेवलेलं स्टुडिओ वनचं एक सिंगल पंचेचाळीस पौंडांना घेतलं होतं. कॉलवर त्याने ते टेबललॅम्पखाली तिरकं धरलं. आवाजाच्या खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यांच्यामध्ये बोटभर गुळगुळीत पट्टी असते. तिथे सुईने ओरखडल्यासारखी अक्षरं आणि आकडे असतात. तो मॅट्रिक्स क्रमांक. प्रकाशाचा कोन जरा हलला की ते दिसेनासे होतात. त्याने आकडे वाचले, मी लिहिले. क्रमांक जुन्या मालिकेत नीट बसत होता. मित्र खूश.

“आता लेबलवरचा पत्ता वाच.”

तो वाचू लागला आणि मध्येच थांबला. पत्ता ब्रुकलिनचा होता. स्टुडिओ वन १९६३ पासून किंग्स्टनच्या १३, ब्रेंटफर्ड रोडवर. डॉडने न्यूयॉर्कमध्ये बस्तान हलवलं ते १९८०च्या दशकात. १९७० मध्ये छापलेल्या लेबलवर ब्रुकलिन कुठून येणार? पण तबकडी खोटीही नव्हती. जुनाच साचा वापरून पुढे पुन्हा काढलेली प्रत होती ती. खाचा जुन्या, कागद नवा. मॅट्रिक्सवरून कोणतं ध्वनिमुद्रण ते कळतं; ही वस्तू कधी बनली ते लेबल सांगतं. दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात. आमच्या ७८च्या जगात हे जरा सोपं होतं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे गवई गाणं संपल्यावर स्वतःचं नाव पुकारत, कारण तबकडी छापली जायची हॅनोव्हरला आणि तिथल्या माणसाला कोण गातंय ते कळायला हवं. स्टुडिओ वनमध्ये असं कुणी पुकारत नव्हतं.

बनी लीची तबकडी ओळखायला काकांनीच शिकवलं. १९७४च्या सुमारास कार्लटन ‘सँटा’ डेव्हिस या ड्रमरने त्याच्याकडे झांजेची एक ढब रुळवली. उघडझाप करणारी हाय-हॅट, सळसळ आवाज. ‘फ्लाइंग सिंबल्स’ म्हणतात तिला. ती कानात बसली की त्या दोन-तीन वर्षांतल्या रेकॉर्डी पटापट वेगळ्या काढता येतात. त्या काळातली प्रत्येक रेकॉर्ड तशी असते असं नाही, पण १९७१चं म्हणून कुणी काही ऐकवलं आणि मागे ही सळसळ आली, तर साल पुन्हा विचारावं.

निकाल

पुस्तिका आठऐवजी सहा पानांची झाली आणि बैठकीच्या आदल्या रात्री छापून आली. ज्यांच्या कडा आम्हाला पक्क्या करता आल्या नाहीत, ती गाणी सरळ गाळली. जिथे ‘पहिली रेकॉर्ड’ असं लिहिलं होतं तिथे ‘आज ठाऊक असलेली पहिली रेकॉर्ड’ असं केलं. मंडळातल्या एकाला हा शब्दांचा घोळ वाटला. वाटो.

बैठकीत ‘स्कायलार्किंग’ची दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावली, कोणतं कुठलं ते न सांगता, आणि मग काका उठून बोलले. वीस मिनिटं ठरली होती, पन्नास झाली. शेवटची चार गाणी राहून गेली. कुणाची तक्रार आली नाही.

पण एक चूक छापून गेलीच. चौथ्या पानावर त्या ब्रुकलिनच्या तबकडीचा फोटो आहे आणि खाली ओळ : ‘मूळ प्रत, १९७०’. मजकूर आम्ही चार वेळा तपासला, फोटोखालच्या ओळी एकदाही नाही. फोटोत पत्ता अगदी स्पष्ट वाचता येतो.

पुन्हा करायचं झालं तर

काकांकडे तीन आठवड्यांनी गेलो, ते पहिल्या शनिवारी जायला हवं होतं, आणि रिकाम्या हातांनी. मसुदा घेऊन गेलं की माणूस मसुदा दुरुस्त करतो. नुसतं गाणं घेऊन गेलं की तो गाण्याबद्दल बोलतो. परवानगी दारातच मागायची. लेखी नको, पण ‘टिपून घेऊ का’ एवढं तरी.

तक्ता भरण्याआधी प्रत्येक गाणं ऐकायचं. हे वाचायला हास्यास्पद वाटेल, पण गाण्यांवर काम करणारे आम्ही दोघं तीन आठवडे मुख्यतः वाचत होतो.

पंचेचाळीस पौंड मात्र वाया गेले असं मी म्हणणार नाही. मित्राचं मत वेगळं आहे. विक्रेत्याला पत्र लिहावं की नाही यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं, त्याने लेबल लपवलं नव्हतं, तूच वाचलं नाहीस.

एका प्रश्नावर अजून एकमत नाही. फिल प्रॅटकडची १९६७ची रेकॉर्ड ‘सुरुवातीच्या कारकिर्दीत’ धरायची की तिच्या आधीची, नावापूर्वीची गोष्ट म्हणून वेगळी ठेवायची? मित्र म्हणतो, अँडी जन्मला १९७० मध्ये, त्याआधीचा तो होरेस हाइंड्स. मला हे पटत नाही. गळा तर तोच होता. पुस्तिकेत तिला एक ओळ मिळाली, बैठकीत ती वाजली नाही, कारण भरवशाची प्रत मिळाली नाही.

परवा मित्राचा निरोप आला, लंडनमध्ये कुणाकडे तरी ती आहे म्हणे. सोबत लेबलचा अंधुक फोटो. मी विचारलं, आतल्या पट्टीचा फोटो मिळेल का, दिवा तिरका धरून? अजून उत्तर नाही. तक्त्यात त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात ‘नाही’ असंच आहे.